पेत्रशीनचा मनोरा आणि दुष्काळातली भिंत

2025 च्या एप्रिलअखेरीस मी वडिलांना घेऊन प्रागला गेलो, तेव्हा चार दिवसांपैकी एक पूर्ण दिवस पेत्रशीनच्या टेकडीसाठी राखून ठेवला होता. टेकडीवर नेणारी जुनी दोरगाडी नूतनीकरणासाठी बंद होती आणि सत्तरीच्या आप्पांना पायथ्यापासून चढ चढायला लावणे मला योग्य वाटेना. म्हणून आम्ही 22 क्रमांकाच्या ट्रामने पोहोर्झेलेत्स थांब्यापर्यंत वर गेलो आणि तिथून स्त्राहोव्ह मठावरून, फारसा चढ नसलेल्या वाटेने मनोऱ्यापर्यंत चालत गेलो. ज्यांच्याबरोबर ज्येष्ठ मंडळी असतील त्यांना मी हीच वाट सुचवेन. 1143 मध्ये स्थापन झालेल्या या मठाचे ग्रंथालय पाहण्यासारखे आहे, आणि मठाच्या कठड्यापाशी उभे राहिले की माला स्त्राना या जुन्या वस्तीची लाल कौले पायाखाली पसरलेली दिसतात.

मनोरा लांबून आयफेलचा धाकटा भाऊ वाटतो आणि ते साम्य योगायोगाने आलेले नाही. चेक पर्यटक मंडळाचे सदस्य 1889 मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाला गेले होते, तिथे आयफेल मनोरा पाहून ते भारावले आणि 1891 च्या प्रागमधील प्रदर्शनाच्या निमित्ताने त्यांनी आपल्या शहरासाठी असाच एक मनोरा काही महिन्यांत उभा करवला. डोंगरदऱ्यांत पायी भटकणाऱ्या लोकांच्या मंडळाने हे काम हाती घेतले, याचे मला मनापासून कौतुक वाटते. पॅरिसच्या मनोऱ्याचा छेद चौकोनी आहे, याचा अष्टकोनी. उंची सुमारे 63 मीटर असली, तरी खालची टेकडीच समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरहून उंच असल्यामुळे वर पोहोचल्यावर ती कमी वाटत नाही.

आत लिफ्ट आहे आणि आप्पांनी तिचाच आधार घेतला. मी मात्र 299 पायऱ्या चढून गेलो. चढणारा जिना वेगळा आणि उतरणारा वेगळा, असे दोन जिने एकमेकांभोवती गुंफलेले असल्याने समोरून येणाऱ्यांची अडचण होत नाही. वरच्या सज्जात वारा जोराचा होता आणि मनोरा किंचित डोलत असल्याचे पायांना स्पष्ट जाणवत होते. काचेतून समोरच सेंट व्हायटस कॅथेड्रलचे शिखर, त्याच्या उजवीकडे व्ल्ताव्हा नदीचे वळण आणि तिच्यावर एकामागोमाग एक पूल दिसले. आप्पांनी बोटाने पूल मोजायला सुरुवात केली, पण वळणापाशी त्यांचा हिशेब चुकला आणि त्यांनी तो पुन्हा पहिल्यापासून मांडला.

जवळच आरशांचा चक्रव्यूह आहे. तोही 1891 च्याच प्रदर्शनातला. लहान मुले बरोबर असतील तर तिथे अर्धा तास मजेत जातो.

आमचा खरा वेळ गेला तो ‘भुकेची भिंत’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तटबंदीपाशी. चौथ्या चार्ल्स राजाने 1360 ते 1362 या काळात ती शहराच्या संरक्षणासाठी बांधून घेतली. काम चालू असतानाच 1361 मध्ये दुष्काळ पडला, आणि भुकेल्या लोकांच्या हाताला काम व पोटाला अन्न मिळावे म्हणूनच राजाने ही भिंत उभारली, अशी समजूत पुढे रूढ झाली. राजा स्वतःही रोज काही तास मजुरांबरोबर राबत असे, अशी दंतकथाही सांगितली जाते.

मी हे सांगत असताना आप्पा भिंतीच्या अगदी जवळ गेले. दगड याच टेकडीतला, पिवळसर आणि थरांचा आहे. सांध्यांत चुना भरलेला होता आणि एका फटीतून शेवाळ बाहेर आले होते. त्यांनी एका दगडाच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “हा घडवलेला नाही रे, नुसता फोडून बसवलाय.” 1972 च्या दुष्काळात, वयाच्या सतराव्या वर्षी, ते माण तालुक्यातल्या एका रस्त्याच्या कामावर खडी फोडत होते. रोजगार हमीचा कायदा 1977 मध्ये झाला, म्हणजे त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. त्या कामावर मिळणाऱ्या सुकडीची चव आणि हजेरी घेणाऱ्या मुकादमाचा आवाज त्यांना अजून आठवतो, हे मला त्या दिवशी प्रथमच कळले, कारण घरी त्यांनी हा विषय कधी काढला नव्हता.

“यांना मजुरीला पैसे देत होते का धान्य?” त्यांनी विचारले. अन्न दिले जात असे असे म्हणतात, एवढेच मला सांगता आले. ते बराच वेळ भिंतीकडे बघत उभे राहिले.

उतरताना आम्ही फळबागांतून गेलो. झाडे फुलांनी भरलेली होती आणि भिंत बरीच वाट आमच्या सोबतीला होती. तिच्या वरच्या दातेरी कडेकडे पाहत आप्पा सावकाश चालत होते आणि मध्येच थांबून, त्या रस्त्यावर त्यांच्याबरोबर कोण कोण होते, ते मला एकेक करून सांगत होते.