तिच्या पायाचे ठसे आणि दाखल्यावरचं नाव

ट्रायसोमी १८, म्हणजेच एडवर्ड्स सिंड्रोम: पेशींत १८व्या गुणसूत्राची एक जादा प्रत. हृदयात छिद्र, दूध गिळता येत नाही, झोपेत श्वास थांबतो. आमची लेक घरी आली ती नाकातली नळी, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि पल्स ऑक्सिमीटर घेऊन. ४१ दिवस ती आमची होती. या दिवसांतलं काय आणि कसं जपलं, ते लिहिते.

ठसे बाळ गेल्यानंतरही घेता येतात, पण बाळ आजीच्या मांडीवर जागं असताना घ्यावेत. दूध दिल्यावर तासभर थांबा, नाहीतर हलवाहलवीत उलटी होऊन दूध श्वासनलिकेत जाण्याची भीती. ऑक्सिमीटरचा पट्टा ज्या पायाला आहे तो पाय सोडून दुसरा घ्या. त्या दिवशी तेल लावू नका, शाई धरत नाही. पाय शाईच्या पॅडवर दाबायचा नाही. लहान मुलांसाठीची शाई कापसाने टाचेपासून बोटांपर्यंत हलकी टिपायची. जाड कागद परीक्षेच्या पॅडला लावून तो पायाकडे न्यायचा. पहिल्या ठशात शाई फार उतरते, रेषा बुजतात. पुन्हा शाई न लावता घेतलेला दुसरा ठसा स्वच्छ येतो.

हाताचं अवघड. या बाळांची मूठ घट्ट मिटलेली असते, तर्जनी मधल्या बोटावर चढलेली. बोटं ओढून उघडू नका. मनगट हळूच आतल्या बाजूला वाकवलं की मूठ थोडी सैल होते. आमच्याकडे तळहात पूर्ण कधीच उमटला नाही, चढलेल्या तर्जनीसकट जो आला तोच भिंतीवर आहे. तिचा हात असाच होता. प्लास्टर ऑफ पॅरिस मात्र थेट त्वचेवर कधीच नको, घट्ट होताना ते तापतं.

सोनोग्राफीचे फोटो थर्मल कागदावर असतात आणि काही वर्षांत पुसट होतात. आधी स्कॅन करून घ्या. लॅमिनेशन करायला गेलात तर उष्णतेने कागद काळा पडतो.

बारसं घरीच केलं. ऑक्सिजन चालू असताना निरांजन पेटवायचं नाही, म्हणून औक्षण नुसत्या कुंकू-अक्षतांनी. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, ती नावाशिवायही होते. पुढे नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं. आम्ही थांबलो नाही, लगेच घातलं. रुग्णालयाच्या सगळ्या कागदांवर ती ‘बेबी ऑफ’ होती. मृत्यूच्या नोंदीतही जन्मदाखल्यावरचंच नाव, तसंच स्पेलिंग लिहिलं. तिलाही मुदत २१ दिवसांचीच. घरी श्वास थांबला तर मृत्यूच्या कारणाचा दाखला कोण देणार, हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. तो नसला तर ऐन वेळी दफनासाठी अडतं. हा प्रश्न विचारायला जीभ उचलत नाही, तरी विचारा.

आणि दूध. बाळ गेल्यावरही ते थांबत नाही, छाती दगडासारखी होते. ठणका कमी होईल एवढंच काढा; पूर्ण रिकामी केली की पुन्हा तेवढंच येतं. थंड पट्ट्यांनी बरं वाटतं. दूध थांबवायची गोळी डॉक्टरांना विचारूनच. फ्रीझरमध्ये पाकिटं उरली असतील तर जवळच्या दुग्धपेढीत, म्हणजे आयांनी दिलेलं दूध जपून गरजू बाळांना देणाऱ्या केंद्रात, चौकशी करा. आशियातली पहिली १९८९ साली मुंबईच्या सायन रुग्णालयात सुरू झाली. तिथे आईची रक्ततपासणी होते, दूध ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं ठेवून मग कमी वजनाच्या बाळांना देतात. पाकिटांवर दूध काढल्याची तारीख लिहिलेली असू द्या.