पाखरांचा वाटा

प्रेशर कुकरची शिट्टी आणायला साताऱ्याच्या राजपथावरच्या एका भांड्यांच्या दुकानात गेलो होतो. तिथे पायपुसण्यांची चळत आणि कपडे वाळत घालायचा स्टँड यांच्यामध्ये एक काळा लोखंडी खांब उभा करून ठेवलेला दिसला. खांबाच्या वरच्या टोकाला चारी बाजूंना वळवलेल्या आकड्या होत्या. एकीला जाळीची नळी, दुसरीला झाकणाची पारदर्शक कुपी, खांबाच्या मध्यावर जाळीचे तबक आणि त्याखाली पाण्याची बशी. दुपारची वेळ असल्याने गिऱ्हाईक नव्हते आणि दुकानदार गल्ल्यावर डुलक्या घेत होता. माझी नजर कुठे अडकली आहे हे त्याला डोळे मिटूनही कळले असावे. "बर्ड फीडिंग स्टेशन आहे, साहेब. बाराशे नव्व्याण्णव. ऑनलाइन दुप्पट पडतं, मोबाइलवर बघा," असे तो म्हणाला. मी मोबाइल काढला नाही, मात्र भाव करायचे सोडले नाही, आणि अकराशेला शिट्टीसह सौदा पटला.

पक्ष्यांना दाणे घालण्यासाठी पैसे मोजण्याला माझा मुळात विरोध आहे. हा विरोध तत्त्वाचा आहे की चिकटपणाचा, याची फारशी चौकशी मी कधी केलेली नाही. पाखरांसाठी जे काही करायचे ते घरातल्या मोडक्या-तोडक्या वस्तूंतून करावे, तळ गेलेले सूप, कानाकोपऱ्यात पडलेले मातीचे परळ, नारळाची करवंटी किंवा कडेने कापलेला तेलाचा डबा यांच्यापलीकडे जाऊ नये, अशी माझी जुनी समजूत आहे. २०१०पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिन पाळतात. त्यानिमित्ताने शाळेत मुलांकडून प्लास्टिकच्या बाटलीत आडवे लाकडी चमचे खुपसून जे दाणापात्र करवून घेतले जाते, तेही आमच्या पेरूच्या झाडाला लटकून गेले आहे. वारा आला की ती बाटली गरगरा फिरत असे आणि चिमण्या शेजारच्या तारेवर बसून तिचे फिरणे पाहत असत. तिचा उपयोग मुंग्यांनी मात्र मनापासून केला. तेव्हा न हलणारा, जमिनीत रोवता येणारा आणि खिशाला झेपणारा खांब समोर आल्यावर माझे तत्त्व थोडे बाजूला सरकले, इतकेच.

शाहूपुरीतल्या आमच्या घरामागे बाग म्हणावी अशी जागा नाही. पेरू, कढीपत्ता, जास्वंदीची दोन झुडपे आणि धुण्याचा दगड. खांबाचे तुकडे एकात एक बसवून तो त्या दगडाशेजारी रोवत असताना आई पायरीवर बसून पाहत होती. ती म्हणाली, "पाखरांनाबी आता टेबल-खुर्ची लागतीया व्हय?" मी हसलो, पण तिचा खरा प्रश्न पुढेच होता. "आन् ह्याला कणीस कुठं बांधायचं रं?"

कणीस म्हटल्यावर खटाव तालुक्यातले आजोळ आठवल्यावाचून राहत नाही. शाळूची, म्हणजे रब्बी ज्वारीची, काढणी होऊन खळे उरकले की आजोबा दहा-पंधरा कणसे बाजूला काढत आणि वाखाच्या दोरीने त्यांचा जुडगा करून सोप्याच्या तुळईला बांधत. ही कणसे उरलीसुरली किंवा काणी पडलेली नसत. बियाण्यासाठी निवडलेल्या कणसांच्या खालोखाल जी भरलेली असत, त्यांतूनच ती घेतली जात. बांधताना ते कोणाला काही सांगत नसत, त्यासाठी वार किंवा तिथी पाहत नसत, आणि त्यात काही पुण्य आहे असेही त्यांच्या वागण्यातून कधी दिसले नाही. बलुतेदारांचे माप घालून झाले की पुढचे काम म्हणून ते जुडगा बांधत. मग चैत्र-वैशाखभर चिमण्या त्या कणसांना उलट्या लटकून दाणे टिपत आणि खाली कोंडा सांडत. आजी तो कोंडा दिवसातून कितीदा तरी झाडत असे आणि झाडताना चिमण्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असे, पण जुडगा तिथून हलवून परसात बांधावा असे तिनेही कधी सुचवले नाही. दुपारी सोप्यात आडवे पडावे आणि डोक्यावर तो कलकलाट चालू असावा, हीच आमच्या उन्हाळ्याच्या सुट्टीची झोप होती.

गंमत अशी, की हाच माणूस पौष महिन्यात पाखरांचा वैरी असे. शाळू चिकात आला, हुरड्याचे दिवस भरू लागले की रानात चार मेढींवर माळा उभा राही आणि दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत त्यावर कोणीतरी गोफण घेऊन उभे असे. नाताळच्या सुट्टीत गेलो की पत्र्याचा डबा वाजवण्याचे काम माझ्याकडे येई. चिमण्या, पोपट, मनोल्या हे रोजचे चोर होते. त्यांना डब्याचा आवाज पुरत असे. खरी धास्ती भोरड्यांची. मध्य आशियातून आणि पूर्व युरोपातून हिवाळ्यापुरत्या इकडे येणाऱ्या, गुलाबी अंगाच्या आणि काळ्या डोक्याच्या या मैना शेकड्यांनी एकदम उतरत आणि एका तुकड्यावर बसून उठल्या की तिथली कणसे पांढरी झालेली दिसत. त्या वेळी मामाच्या गोफणीचा जो फटकारा निघत असे, तो ऐकून बांधावरची म्हसरेही माना वर करत. याच भोरड्या टोळ आणि नाकतोडे फस्त करतात हे मी पुष्कळ पुढे वाचले. परंतु आजोबांना ते कोणी तेव्हा सांगितले असते तरी त्यांनी गोफण खाली ठेवली असती असे मला वाटत नाही.

एकीकडे दगड मारून हाकलायचे आणि दुसरीकडे भरलेले कणीस टांगायचे, याचा मेळ मला तेव्हा लागेना, म्हणून मी आजोबांना सरळ विचारले होते. "ते रान हाय आन् ह्यो सोपा हाय," एवढेच ते म्हणाले आणि पानाला चुना लावू लागले. त्यांना आणखी काही सांगण्यासारखे आहे असे वाटलेच नसावे.

आता त्या खांबाचे खोके पाहताना मला त्यांच्या हिशोबातली एक गोष्ट नव्याने दिसली. खोक्यावरच्या चित्रात बर्फाने झाकलेले कुंपण आहे आणि तबकात तांबड्या छातीचा, फुगून गोल झालेला युरोपातला रॉबिन बसलेला आहे. आतल्या कागदावर सूर्यफुलाचे सोललेले बी, भुईमुगाचे दाणे आणि चरबीचे लाडू घालावेत असे लिहिले आहे. ते त्यांच्या जागी बरोबरच आहे. तिकडे पाखरांची उपासमार हिवाळ्यात होते. दिवस लहान, रात्र लांब आणि जमीन गोठलेली. जेमतेम अकरा ग्रॅम वजनाच्या निळ्या टिट पक्ष्याला एक रात्र काढण्यासाठी दिवसभर खावे लागते, आणि म्हणून चरबी. आमच्याकडे हिवाळा हा पाखरांच्या चैनीचा काळ आहे, कारण तेव्हा रान दाण्यांनी भरलेले असते. आमची टंचाई होळीनंतर सुरू होते. पिके घरी गेलेली, ओढे आटलेले आणि जमीन भाजलेली. आजोबांची गोफण चालत असे ती भरल्या दिवसांत, आणि कणीस लटकत असे ते नेमके या रिकाम्या दिवसांत. हे त्यांनी आखून केले होते की खळे त्याच सुमारास उरकत असल्याने आपोआप जुळले होते, हे विचारायला आता ते नाहीत. चरबीचे लाडू मात्र साताऱ्याच्या एप्रिलमध्ये लावून पाहण्याचे धाडस मी केले नाही. खांबाला तूप ओघळलेले पाहून आईने काय म्हटले असते याची कल्पना आहे.

खांबावर कोण येणार हे आपण ठरवायचे नसते, ही गोष्ट विकत घेताना कोणी सांगत नाही. माझ्या मनात चिमण्या होत्या. पहिल्याप्रथम आले ते पारवे, आणि एकदा आले ते येतच राहिले. त्यांच्या पाठोपाठ खारी आल्या. खांब गुळगुळीत असल्याने खार चढणार नाही असे दुकानदाराने सांगितले होते. तिने पेरूच्या फांदीवरून थेट तबकात उडी मारली आणि तिथेच ठिय्या देऊन बसली. पाहुण्यांना बोलावून मग त्यांच्यात निवड करणे शोभत नाही, हे मला मान्य आहे. तरी पारव्यांच्या बाबतीत मी दुजाभाव करतो. त्यांना खायला कमी नाही, राहायला इमारती आहेत, आणि मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ साली प्रकरण थेट उच्च न्यायालयापर्यंत गेले, इतके त्यांचे प्रस्थ आहे. शेवटी तबक काढून ठेवले आणि फक्त नळी व कुपी ठेवल्या. त्यांच्या बारीक दांड्यांवर चिमणी बसते, मनोली बसते. पारव्याचे बूड तिथे मावत नाही.

तबक काढण्याला आणखी एक कारण मिळाले आणि ते जास्त गंभीर आहे. सपाट तबकात दाणे, लाळ आणि विष्ठा एकत्र होतात आणि आजारी पाखरू निरोगी पाखराला तिथेच गाठते. ब्रिटनमध्ये २००५-०६च्या सुमारास ट्रायकोमोनास नावाच्या सूक्ष्म परजीवीची साथ बागांतल्या दाणापात्रांवरून पसरली. त्यात ग्रीनफिंच हा तिथला अगदी घरगुती, हिरवा पक्षी इतका घटला की २०२१ साली त्याला धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत घालावे लागले. पक्ष्यांच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या तिथल्या मोठ्या संस्थेने २०२५ साली सपाट दाणापात्रांची विक्रीच थांबवली. तेव्हा दाणे घालणे म्हणजे भांडी घासणेही आले. विशेषतः आमच्याकडे, जिथे यवतेश्वराच्या बाजूने येणारा तिरका पाऊस कोणत्याही झाकणाला जुमानत नाही. जूनमध्ये कुपीतल्या बाजरीला मोड आले आणि मग बुरशी धरली. आजोळी सोप्यातल्या कणसाला ही भानगड नव्हती. ते छपराखाली असे, वाऱ्यावर असे, दाणा बोंडात घट्ट बसलेला असल्याने कोणाची चोच लागेपर्यंत तो उष्टा होत नसे, आणि संपले की चुलीत जाई. घासायला काही उरत नसे.

शिवाय दाण्यांना येणारी पाखरे ती किती? चिमणी, मनोली, होला, पोपट, पारवा. बागेतल्या बाकीच्या मंडळींना माझ्या खांबाशी काही कर्तव्य नाही. शिंजीर जास्वंदीत चोच घालतो, शिंप्याला आणि दयाळाला किडे लागतात. चिमणीसुद्धा पिलांना दाणा नव्हे तर अळ्याच भरवते, त्यामुळे दाण्यांचे कितीही पोते ओतले आणि बागेत औषध फवारले तर तिचे घरटे उपाशीच राहायचे. कढीपत्त्याला काळीभोर फळे धरली की बुलबुल आणि कोकिळा यांची जी झुंबड उडते, तिच्यापुढे माझ्या अकराशे रुपयांच्या खांबावरची वर्दळ काहीच नाही; आणि ते झाड तर कोणी लावलेलेही नाही, बुलबुलांनीच कुठून तरी बी आणून टाकले असावे. हे सगळे कळूनही मी खांब काढत नाही. पाण्याची बशी उन्हाळ्यात दुपारी रिकामी होते आणि ती भरायला मी उठतो, एवढे कारण मला पुरते.

राहता राहिला आईचा प्रश्न. एक आकडी मोकळी होती आणि तिला कणसांचा जुडगा चांगला शोभला असता, म्हणून खटावच्या मामेभावाला फोन लावून दहा-पंधरा कणसे पाठव म्हटले. तो आधी हसला. मग म्हणाला, "दादा, ज्वारी कुठली आता? उरमोडीचं पाणी आलं, जिहे-कठापूरचं आलं, सगळा ऊस हाय." पाणी आले याचा त्याला आनंद आहे आणि तो असायलाच हवा, त्याच रानासाठी आजोबांनी आभाळाकडे पाहत जन्म काढला. पण थोडी तरी घरापुरती पेरत असशील, असे मी म्हणालो. तेव्हा त्याने सांगितले, "पेरली हुती की मागं, अर्धा एकर. साऱ्या शिवारात माझी एकट्याचीच. मग साऱ्या शिवाराची पाखरं माझ्याच रानात. पूर्वी गावानं पेरायची, त्यामुळं समद्यांत वाटून जायची ती. राखायला माणूस मिळंना, मिळाला तर रोजाला परवडंना. हुरड्यापुरतीबी ठिवली न्हाईत कणसं."

मी काही बोललो नाही, तेव्हा त्यालाच वाईट वाटले असावे. "खायाला आमीबी बार्शीकडची ज्वारी घेतो," तो म्हणाला. "पोतं मागवताना तुमचंबी सांगू का? फकस्त ती मशिनीवर मळलेली असती. कणीस काय मिळायचं न्हाई."

मी सांग म्हटले.