प्लग कॅपवरची अक्षरं

रोटॅक्स मॅक्स या गो-कार्ट इंजिनाच्या स्क्रुटिनीत, म्हणजे शर्यतीच्या तांत्रिक तपासणीत, पिस्टन, सिलिंडर, कार्बोरेटर यांची धास्ती सगळ्यांनाच असते. स्पार्क प्लगवर बसणारी टोपी, म्हणजे प्लग कॅप, मात्र कुणाच्या ध्यानीमनी नसते, आणि पहिली तीच दिसते, कारण ती बघायला एक बोल्टही खोलावा लागत नाही. राष्ट्रीय रोटॅक्स स्पर्धेच्या फेऱ्या कोल्हापुरात मोहितेंच्या ट्रॅकवरही झाल्यात, म्हणजे हा विषय आपल्याकडच्या पॅडॉकला (ट्रॅकशेजारी कार्ट तयार करतात त्या जागेला) परका नाही.

आधी मूळ तत्त्व. नियमावलीत ज्याला स्पष्ट परवानगी नाही, ते सगळं निषिद्ध. ‘मनाई कुठे लिहिलीय?’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. कार्बोरेटरमधून किती पेट्रोल जाणार हे ठरवणारा मेन जेट बदला, कार्बोरेटरच्या सुईची क्लिप वरखाली करा, ते तुमच्या हातात आहे. प्लग कॅपवर मात्र ‘एनजीके टीबी०५ईएमए’ हे मार्किंगच हवं. बाजारात बाइकसाठी मिळणारी आत पाच किलो-ओहमचा रेझिस्टर (करंटला अडवणारा भाग) असलेली दुसरी एखादी कॅप विजेच्या हिशेबात तंतोतंत तशीच असेल, इंजिनाला फरकही कळणार नाही. तरी ती बेकायदाच. स्टॉक वर्गात, म्हणजे इंजिन कारखान्याच्या मूळ रूपातच ठेवायचं अशा वर्गात, ‘फायदा झाला का’ हा प्रश्नच नसतो, ‘भाग तोच आहे का’ एवढंच बघतात. कठोर वाटतं, पण फायदा मोजत बसायचं म्हटलं तर शर्यतीचा निकाल कधीच लागणार नाही.

बिनरेझिस्टरच्या कॅपने ताकद वाढते, हा समज काही जात नाही. ठिणगी पडेपर्यंत इग्निशन कॉइलकडून प्लगला येणाऱ्या वायरीतून करंट जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे रेझिस्टरवर व्होल्टेजही फारसं पडत नाही. ठिणगी किती व्होल्टला उडी मारणार हे प्लगची गॅप आणि सिलिंडरमधला दाब ठरवतो. रेझिस्टर उडी पडल्यानंतरचा करंटचा झटका आणि त्यातून होणारा रेडिओ गोंगाट दाबतो. तो काढला तर हाती काय लागतं? डेटा लॉगरचा आरपीएम वेडावाकडा नाचतो, कारण त्याची पिकअप वायर याच हाय-टेन्शन केबलला गुंडाळलेली असते.

कॅप तपासायला दोन मिनिटं लागतात. ती केबलवर स्क्रूसारखी बसते, म्हणून ओढायची नाही; घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून काढायची. मल्टिमीटर २० किलो-ओहमवर ठेवा. एक टोक केबलच्या बाजूच्या स्क्रूला, दुसरं प्लगच्या बाजूच्या धातूच्या क्लिपला. आकडा पाचच्या आसपास यायला हवा. शून्याजवळ आला तर कॅप बिनरेझिस्टरची आहे, म्हणजे भागच चुकीचा. मीटरने काहीच दाखवलं नाही तर आतला रेझिस्टर जळाला. हलवल्यावर आकडा नाचला तर कॅप सरळ फेकून द्या. थंड असताना बरोबर आणि गरम झाल्यावर तुटणाऱ्याही कॅपा असतात. हेअर ड्रायरने तापवून पुन्हा मोजलं की चोर सापडतो. सिनिअर मॅक्स वर्गाचं इंजिन वरच्या आरपीएमला अडखळू लागलं की लोक जेटिंगच्या मागे लागून अख्खा सराव घालवतात, आणि दोष असतो या टोपीत.

आता खरी मेख. केबलच्या टोकाची तार हिरवी-काळी पडली की मेकॅनिक पाच-सात मिलिमीटर कापून ताज्या तारेवर कॅप बसवतो. काम योग्यच आहे. पण कॉइलमधून बाहेर पडल्यापासून कॅपच्या तोंडापर्यंत दिसणारी केबल किमान २१० मिलिमीटर असली पाहिजे. दर हंगामाला दोनदा कापलं की ही लांबी गुपचूप संपते. कापण्याआधी पट्टी लावा. वाकलेली केबल सरळ करून मोजा, आणि चालू वर्षाची नियमावली जवळ ठेवा.

कॅप हलते म्हणून झिप टाय किंवा टेप लावायचा मोह होतो. आधी स्क्रुटिनिअरला विचारा. पहिलं तत्त्व इथेही लागू आहे. बऱ्याचदा दोष प्लगच्या टोकाच्या नटाचा असतो: तो सुटा असेल तर आतल्या आत ठिणग्या उडतात आणि लक्षणं कार्बोरेटरची दिसतात.

प्लग काढलेलाच आहे तर त्याच भोकातून स्क्विशही, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असताना त्याच्या आणि सिलिंडर हेडच्या मधली फटही, मोजून घ्या. दोन मिलिमीटर जाडीची कथिलाची तार सिलिंडरच्या भिंतीपर्यंत आत सरकवायची आणि क्रँक हाताने सावकाश टॉप डेड सेंटरपलीकडे (पिस्टनच्या सगळ्यात वरच्या जागेपलीकडे) न्यायचा, मग चेपलेल्या तारेची जाडी मोजायची. हे पिस्टन पिनच्या दिशेने, डावीकडे आणि उजवीकडे, असं दोनदा करायचं. पिनला आडव्या दिशेने मोजलं तर पिस्टन डुलतो आणि माप फसवतं. दोन मापांची सरासरी धरतात. ती नियमात बसली नाही तर स्वतः उघडून दुरुस्त करता येत नाही: इंजिनाला नंबरचं सील असतं, ते अधिकृत सर्व्हिस सेंटरच लावतं आणि इंजिनाच्या ओळखपत्रावर त्या सीलच्या नंबरासह सही-शिक्का करतं. सील तुटलं की पुन्हा तपासणी.

अमेरिकेत ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं एलओ२०६ हे चार-स्ट्रोक इंजिनही कारखान्यातूनच सील होऊन येतं, आणि त्याची इग्निशन ६,१०० आरपीएमला इंजिन रोखते. तिथे इग्निशनमधली छेडछाड म्हणजे थेट वेग. रोटॅक्सच्या कॅपचं तसं नाही, पण शिक्षा तीच.

जादा कॅप खोक्यात ठेवाच. साफ करताना तारेचा ब्रश वापरू नका: अक्षरं घासून गेली की अस्सल कॅपही ओळखू येत नाही.