जीपीए ३.९, एलसॅट १५४

असे दोन आकडे घेऊन दर वर्षी कुणी ना कुणी माझ्याकडे येतं. जीपीए म्हणजे कॉलेजातल्या ग्रेडची चारच्या मापावरची सरासरी, एलसॅट म्हणजे अमेरिकेतल्या लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा. आकडे थोडे इकडेतिकडे, प्रश्न तोच: "मावशी, लॉ स्कूलला प्रवेश होईल का?" ओहायोतल्या एका लॉ स्कूलच्या प्रवेश कार्यालयात मी बरीच वर्षं अर्ज वाचले. आता ते काम सोडलंय, त्यामुळे मोकळेपणाने बोलता येतं. तर, होईल. अमेरिकन बार असोसिएशनची, म्हणजे एबीएची, मान्यता असलेली लॉ स्कूल्स दोनशेच्या जवळपास आहेत आणि ३.९ वाल्याला त्यांतलं कुठलं ना कुठलं सहसा घेतंच. कुठलं घेईल आणि किती पैसे मागेल, यावर मात्र बसून बोलायला हवं.

यंदा मैत्रिणीची धाकटी आली. तिच्यापेक्षा तिची आईच जास्त चिडलेली. "चार वर्षं पोरीने मान मोडून अभ्यास केला, आणि एका सकाळच्या परीक्षेने सगळं पाण्यात?" पाण्यात नाही गं. पण ती परीक्षा तिला वाटते तेवढी हलकीही नाही. जीपीए कॉलेजागणिक बदलतो, विषयागणिक बदलतो, कुणाचा ३.९ इंजिनिअरिंगचा असतो, कुणाचा सगळे सोपे विषय निवडून आलेला. एलसॅट सगळ्यांची एकच. १२० ते १८० मध्ये गुण, आणि देणाऱ्यांपैकी निम्मे दीडशेच्या किंचित पुढच्या आकड्याच्या आतच थांबतात. म्हणजे १५४ काही वाईट नाहीत, ३.९ च्या शेजारी ते खुजे दिसतात एवढंच.

आता आतली गोष्ट. दर वर्षी प्रत्येक लॉ स्कूलला आपल्या नव्या वर्गाचे आकडे जाहीर करावे लागतात. त्याला ५०९ रिपोर्ट म्हणतात, तो डिसेंबरच्या मध्यात येतो आणि कुणालाही फुकट बघता येतो. त्यात जीपीए आणि एलसॅट दोन्हींचे तीन-तीन आकडे असतात: खालच्या पाव वर्गाची रेषा, मधली (निम्मा वर्ग तिच्या वर, निम्मा खाली), वरच्या पाव वर्गाची. मधल्या आकड्यावर डीनचा जीव असतो, कारण लॉ स्कूल्सच्या क्रमवारीत तो मोजला जातो. समजा एका कॉलेजची मधली रेषा जीपीए ३.७ आणि एलसॅट १६० वर आहे. आमच्या मुलीला घेतलं की जीपीएची बाजू सावरते, एलसॅटची बाजू ओढली जाते. तिच्या जोडीला १६० च्या वरचा कुणीतरी मिळवावा लागतो. गंमत अशी की मधल्या रेषेच्या हिशेबात १५४ आणि १५९ सारखेच. दोन्ही खाली. पण खालच्या पावाची रेषा १५६ असेल, तर १५४ वाला अर्ज वाचताना आमच्या समितीत कुणीतरी चष्मा काढून टेबलावर ठेवायचंच. कारण बार परीक्षा, म्हणजे वकिलीच्या परवान्याची परीक्षा. बारला बसलेल्या पदवीधरांपैकी ७५ टक्के दोन वर्षांत पास व्हायला हवेत, असा एबीएचा नियम आहे, आणि कमी एलसॅटवाल्यांबद्दल ती धाकधूक असतेच.

म्हणून माझा पहिला सल्ला सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो: एलसॅट परत द्या. कॉलेजं वर्गाचे आकडे काढताना प्रत्येकाचे सगळ्यात जास्त गुण धरतात. आधीचे गुण दिसतात, पण त्यांचा हिशेब होत नाही. पाच वर्षांत पाच वेळा, आयुष्यात सात वेळा देता येते. ऑगस्ट २०२४ पासून त्यातले ते कोडीवजा लॉजिक गेम्स गेले; आता तर्काचे दोन भाग, वाचनाचा एक, आणि एक प्रयोगासाठीचा, जो मोजत नाहीत. प्रत्येकी ३५ मिनिटं. गेम्सनेच ज्यांचा घात केला होता, त्यांनी तर जुन्या गुणांवर बसून राहूच नये. जीपीए पदवीनंतर गोठतो, एलसॅट वाढवता येते. उरलेल्या महिन्यांत हलवता येण्याजोगं तेच आहे.

"मग जीआरई देऊ का?" हेही विचारतात. ती इतर पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठीची सर्वसाधारण प्रवेश परीक्षा. २०१६ मध्ये ॲरिझोना विद्यापीठाने ती वाट उघडली, पुढच्या वर्षी हार्वर्ड आलं, आता बरेच घेतात. पण एलसॅट आधी दिली असेल तर ते गुण कॉलेजला दिसतातच. लपवायला म्हणून जीआरईचा उपयोग नाही.

अर्जासोबत कमी गुणांचं एक छोटं स्पष्टीकरण जोडता येतं. त्यात ताप होता, शेजारी कुत्रं भुंकत होतं, असलं काही लिहू नका. मी अशी पत्रं ढिगाने वाचली आहेत आणि एकानेही माझं मत बदललं नाही. चाललं ते एकाच प्रकारचं: "शाळेत सॅटमध्येही (कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत) मला कमी गुण होते, तरी कॉलेजात ३.९ आला, सोबत दोन्ही गुणपत्रकं." चार ओळी, पुरावा, संपलं. आमच्या मुलीची सॅट खरंच बेताची होती. तिला ते लिहायची लाज वाटत होती. मी म्हटलं, अगं, तुझ्याकडचा सगळ्यात चांगला कागद तो आहे.

अर्ज लवकर टाका, कारण जागा येतील तशा भरत जातात. आणि वेटलिस्टला नाक मुरडू नका. जूनच्या सुमारास एखाद्या कॉलेजची एलसॅटची रेषा पक्की झालेली असते पण जीपीएची डळमळते, तेव्हा आम्ही वेटलिस्टवर अशीच नावं शोधायचो.

पैशांचं मात्र नीट बघा. खालच्या क्रमांकाची कॉलेजं ३.९ बघून भरघोस स्कॉलरशिप देतात, आणि पत्राच्या दुसऱ्या पानावर अट असते की पहिल्या वर्षी अमुक जीपीए टिकवा. पहिल्या वर्षाचे ग्रेड बहुतेक ठिकाणी ठरलेल्या कर्व्हवर असतात, म्हणजे वर्गातल्या इतरांशी तुलना करून देतात. सगळे कितीही हुशार असले तरी काहींना खाली बसावंच लागतं. किती जणांची स्कॉलरशिप कमी झाली किंवा गेली, तेही ५०९ रिपोर्टमध्ये असतं. आईवडील क्रमवारी पाठ करून येतात, हा तक्ता कुणी उघडत नाही. बिनअटीची थोडी कमी रक्कम मी केव्हाही जास्त मानेन.

पहिल्या वर्षी चमकलात तर बदलीचा रस्ता असतो. दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांची एलसॅट वर्गाच्या आकड्यांत धरत नाहीत, त्यामुळे मोठी कॉलेजं तिथे उदार होतात. पण स्कॉलरशिप सहसा मागेच राहते, आणि बदलीच्या भरवशावर न आवडणारं कॉलेज धरणं मला पटत नाही.

भारतातून पदवी घेऊन येणाऱ्यांचं गणित वेगळं, आणि ते त्यांना उशिरा कळतं. परदेशी पदवीचा जीपीए एलएसॅक, म्हणजे एलसॅट घेणारी संस्था, काढत नाही. गुणपत्रिका तपासून फक्त शेरा देते. पुण्यात विद्यापीठात पहिला आलेला मुलगाही कॉलेजच्या जीपीएच्या रेषेला काही भर घालत नाही. त्याच्या बाबतीत वजन उरतं ते एलसॅटचंच. तो एलएलबी असेल तर जेडीचा, म्हणजे लॉ स्कूलच्या तीन वर्षांच्या मूळ पदवीचा, हट्ट का, हे मी आधी विचारते; एक वर्षाच्या एलएलएमला एलसॅट लागतच नाही.

मैत्रिणीची मुलगी ऑगस्टमध्ये परत बसतेय. १५८ आले तर यादीत आणखी तीन कॉलेजं घालायची, नाही आले तर आत्ताचीच यादी सप्टेंबरमध्ये पाठवायची, असं ठरलंय. आईला तिसराच पर्याय हवाय: वर्षभर थांबून १६५ आणायचे. त्यावर अजून दोघींचं भांडण चालू आहे, आणि खरं सांगायचं तर यात मला आईचं थोडं पटतंय.