बेळगावहून शिरोड्याला जाताना तिलारी घाट घेऊ नका

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण, म्हणजे मी, पत्नी, दोन मुले आणि बहात्तर वर्षांची आई, बेळगावहून सिंधुदुर्गातील शिरोड्याच्या वेळागर किनाऱ्यावर दोन रात्री राहण्यासाठी सातआसनी गाडीने गेलो. हा वृत्तांत लिहिण्याचे मुख्य कारण समुद्र नसून जातानाचा घाट आहे. जो रस्ता आम्हाला सोपा म्हणून सांगण्यात आला, तो भरलेल्या गाडीने आणि घरच्या माणसांसह उतरण्याजोगा नाही आणि ही गोष्ट निघण्यापूर्वी कोणीही आम्हाला स्पष्टपणे सांगितली नाही.

आमच्या लहानपणापासून कोकणात उतरण्याचा बेळगावकरांचा रस्ता ठरलेला आहे: हिंडलगा, सुळगा, बाची, तेथे राज्याची हद्द ओलांडून शिनोळी, मग पाटणे फाटा, नागनवाडी, चंदगड, कानूर, आंबोली आणि सावंतवाडी. बेळगाव-वेंगुर्ले रस्ता म्हणतात तो हाच. आम्हीही त्याच रस्त्याने जाणार होतो. परंतु आदल्या रात्री खोली पक्की करण्यासाठी फोन केला तेव्हा रिसॉर्टच्या व्यवस्थापकाने आग्रहाने सांगितले, “आंबोलीक कशाक जाताय? तिलारीतसून येवा, अर्धो तास वाचतलो.” मोबाईलवरील नकाशानेही तोच रस्ता थोडा लवकरचा दाखवला. स्थानिक माणूस सांगतो आहे आणि नकाशाही दुजोरा देतो आहे, म्हटल्यावर मी पाटणे फाट्यावर गाडी डावीकडे वळवली. गाडी चालवण्याचा वीस वर्षांचा अनुभव असूनही त्या क्षणी दुसऱ्या कोणाला विचारावे असे मला वाटले नाही, याची खंत आहे.

तिलारीनगरपर्यंतचा रस्ता अरुंद पण निवांत आहे आणि काजूच्या बागांतून जातो. पुढे सह्याद्रीचा माथा संपतो आणि रस्ता थेट खाली पडतो. हा घाट तिलारी जलविद्युत प्रकल्पाच्या कामासाठी काढलेला आहे. प्रवासी वाहतुकीसाठी आखलेल्या घाटात चढ लांबवून, वळसे घेऊन जसा हलका केलेला असतो, तसा तो येथे केलेला नाही. आंबोलीचा घाटही वळणांचा आहे, पण तेथे उतार सौम्य असून रुंदी पुरेशी आहे. तिलारीत काही वळणे इतकी आवळलेली आहेत की लांब गाडी एका दमात वळत नाही, मागे-पुढे करावी लागते आणि ती मागे-पुढे करण्याची जागाही उतारावरच असते. समोरून गाडी आली तर कोणी कोठे थांबायचे हा प्रश्न प्रत्येक वळणावर नव्याने सोडवावा लागतो.

मी सुरुवातीला दुसऱ्या गिअरमध्ये उतरत होतो आणि जेथे वेग वाढेल तेथे ब्रेक दाबत होतो. चौथ्या-पाचव्या वळणानंतर रबर जळल्यासारखा उग्र वास येऊ लागला. मुलगी मागून म्हणाली की कुठेतरी काहीतरी पेटले आहे. पुढच्या वळणाला पेडल नेहमीपेक्षा खोल गेले, गाडी थांबली खरी, पण थांबायला जितके अंतर लागायला हवे होते त्याच्या दुप्पट लागले. उजव्या बाजूला जरा रुंद जागा दिसताच गाडी कडेला घेतली, हातब्रेक ओढला, पहिला गिअर टाकून इंजिन बंद केले आणि मुलाने चारही चाकांना दगड लावले. पुढच्या डाव्या चाकातून पांढरा धूर येत होता. मी पाण्याची बाटली काढली होती, तेवढ्यात मागून येणाऱ्या पिकअपचा चालक थांबला आणि त्याने माझा हात धरला. “दादा, पाणी वतू नका, डिस्क वाकडी हुईल. ब्रेकवर पाय ठेवून ह्यो घाट उतरत न्हाई. पयल्यात घालायची आणि इंजिनावर सोडायची.” चंदगड तालुक्यातला तो माणूस आमच्याबरोबर दहा मिनिटे थांबला आणि त्याचे नाव विचारायचे राहून गेले.

तेथे आम्ही चाळीस मिनिटे काढली. मोबाईलला रेंज नव्हती. आईने डोंगराकडे पाठ करून पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, “मी चालत उतरतो बाळ, तू गाडी सावकाश आण.” तिला समजावून पुन्हा गाडीत बसवणे हा त्या दिवसातला सर्वांत अवघड भाग होता. उरलेला घाट मी पहिल्या गिअरमध्ये, म्हणजे इंजिनानेच वेग आवरून, ब्रेकला थोडक्यात आणि क्वचित स्पर्श करीत उतरलो. वाचणार होता तो अर्धा तास गेलाच, वरून आणखी तासभर गेला.

नंतर चौकशी केल्यावर कळले की २०२४ च्या पावसाळ्यात कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी या घाटातून अवजड वाहनांना बंदी केली होती. तेथील रहिवाशांना रोजच्या कामासाठी हा रस्ता लागतो, ते तो अंगवळणी पडल्यामुळे सहज उतरतात आणि म्हणूनच त्यांचा सल्ला पाहुण्यासाठी धोक्याचा ठरतो. माझे मत स्पष्ट आहे: गाडीत चारांपेक्षा जास्त माणसे आणि टपावर सामान असेल तर तिलारीने उतरूच नये. एकटा, हलक्या गाडीने आणि दिवसाउजेडी जाणारा चालक उतरू शकेल, पण त्यानेही माथ्यावरच पहिला गिअर टाकावा. गाडी ऑटोमॅटिक असेल तर खालचा गिअर धरून ठेवणारी सोय कोठे आहे हे घरीच पाहून घ्यावे. वास आला की थांबावे, पुढचे वळण पाहू असे म्हणू नये, कारण तापलेल्या ब्रेकमधील तेल उकळू लागले की पेडल दाबूनही चाकाला पकड मिळत नाही. अंधारात तर या बाजूने अजिबात जाऊ नये; खाली दोडामार्गच्या पट्ट्यात रानटी हत्तींचा वावर आहे.

दोडामार्ग, बांदा करीत आम्ही जेवणाची वेळ टळल्यावर पोहोचलो. तेथे दुसरा धक्का बसला. फोनवर खोलीचे भाडे एका रात्रीला ३,५०० रुपये, न्याहारीसह, असे ठरले होते. प्रत्यक्षात चौथ्या आणि पाचव्या माणसासाठी गादीमागे ७०० रुपये, वातानुकूलन चालवल्यास वेगळे ५०० रुपये आणि न्याहारी केवळ दोघांची, असा हिशेब पुढे आला. दोन रात्रींत ७,००० ऐवजी १०,८०० रुपये झाले आणि पक्के बिल मागितल्यावर वहीच्या कागदावर आकडे लिहून देण्यात आले. आम्ही घाटाने इतके थकलो होतो की त्या दुपारी वाद घालण्याची ताकद उरली नव्हती. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण थकलेला प्रवासी कोणत्याही दराला होकार देतो. माणसांची संख्या, गाद्या, वातानुकूलन आणि न्याहारी या चारही गोष्टी व्हॉट्सअॅपवर लिहून घ्याव्यात, मगच आगाऊ रक्कम पाठवावी. तोंडी बोलण्याला तेथे काही किंमत नाही. सुरमईच्या थाळीचा दरही बसण्यापूर्वी विचारावा. आम्हाला फलकावर दर दिसला नाही आणि एका थाळीचे ५५० रुपये द्यावे लागले.

वेळागरचा किनारा चांगला आहे. आरवलीच्या वेतोबाचे दर्शन झाले, जेथे नवसाला केळीचे घड आणि चामड्याच्या मोठ्या वहाणा वाहतात. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे प्रसिद्ध झालेली शिरोड्याची मिठागरे मुलांना दाखवली. रेडीचा गणपती केला. दोन दिवस सुखाचे गेले, त्याविषयी अधिक सांगण्यासारखे काही नाही.

काळाबाबत मात्र सांगितले पाहिजे. आपल्याकडे कर्नाटकातील शाळांना साधारण १० एप्रिलच्या सुमारास सुट्टी लागते आणि महाराष्ट्रातील मुले त्या वेळी अजून परीक्षांत असतात. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या कुटुंबांनी एप्रिलचा उत्तरार्ध सोडून मे महिन्यात जाण्याचे काहीच कारण नाही. मे महिन्यात पुण्या-मुंबईची गर्दी उतरते आणि भाडी त्याच गर्दीच्या हिशेबाने लागतात. शिवाय महिनाअखेरीस दर्या खवळू लागतो आणि बोटी, जलक्रीडा बंद होतात. पेट्रोल बेळगावातच पूर्ण भरावे, हद्दीपलीकडे ते महाग पडते. पहाटे निघाल्यास वाटेत खाण्याची ठिकाणे उघडी मिळतीलच असे नाही. आमच्या डब्यातील दशम्या आणि शेंगाचटणी घाटात अडकलो तेव्हा उपयोगी पडली.

परतताना मी कोणाचेही ऐकले नाही. आजगाव, मळेवाड, सावंतवाडी, दाणोली असा रस्ता धरून आंबोली घाट चढलो. भर दुपारचे ऊन असूनही माथ्यावर गार वारा लागला आणि आईने प्रथमच खिडकीची काच खाली घेतली. सारे अंतर साधारण सव्वाशे किलोमीटरचे आहे; एक थांबा धरून आम्ही चार तासांत घरी पोहोचलो. काजू किनाऱ्यावरच्या दुकानांतून घेऊ नयेत. चंदगड तालुक्यात काजू प्रक्रियेचे कारखाने आहेत, तेथून घेतलेला माल आम्हाला किलोमागे दीडशे रुपयांनी स्वस्त पडला.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये चाके उघडली. ब्रेकचे पुढचे दोन्ही पॅड काचेसारखे गुळगुळीत आणि काळेनिळे झाले होते, ते बदलावे लागले आणि ब्रेकचे तेलही नवे भरावे लागले. मिस्त्रीने जुना पॅड माझ्या हातात देऊन एकच प्रश्न विचारला, “तिलारीनं उतरलात काय?”