जुनी गाडी, चौदावा महिना: मीटर २,३३,९००

गेल्या नोंदीच्या वेळी मीटर २,२८,१०० वर होतं आणि इंजिनाचा पिवळा दिवा नुकताच लागला होता. आता मीटर २,३३,९०० आहे आणि दिवा विझलाय. तो का लागला हे शोधता शोधता ही गाडी मला जेवढी कळली, तेवढी आधीच्या तेरा महिन्यांत कळली नव्हती. म्हणून आजची नोंद मोठी आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: गाडी २००३ सालची, १.८ लिटर पेट्रोल, चार सिलिंडर, पाच गिअर. घेतली तेव्हा मीटर २,१४,६०० वर होतं. मालक एकच, पण सर्व्हिसचे कागद मध्येच तुटलेले. रंग फिका पडलेला, डावं दार चेपलेलं, पत्रा मात्र खालून बघितला तर घट्ट. मी रंगाकडे बघून कधीच गाडी घेत नाही. जॅक लावायच्या जागा, दरवाज्याखालचे खांब आणि मागच्या सस्पेन्शनचे बोल्ट जिथे बसतात तो भाग स्क्रूड्रायव्हरने टोचून बघते. इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो. पण खांब आतून कुजला असेल तर ते काम गाडीच्या किमतीच्या कितीतरी पुढे जातं.

आधी हिशोब. मी तो पैशांत लिहीत नाही, हप्त्यांत लिहिते. याच आकाराची साधी नवी गाडी कर्जावर घेतली असती तर दर महिन्याला जेवढा हप्ता गेला असता, तो एक एकक. विकत घेताना सहा हप्ते गेले. पहिल्या दोन महिन्यांत टायमिंग बेल्ट (व्हॉल्व आणि पिस्टन यांची वेळ जुळवणारा पट्टा), तो ताणून धरणारा टेन्शनर, वॉटर पंप, चार टायर, पुढचे ब्रेक पॅड आणि सगळी ऑइलं मिळून तीन. त्यानंतरच्या बारा महिन्यांत पावणेदोन. एकूण पावणेअकरा, आणि महिने झाले चौदा. यात इंधन आणि विमा धरलेला नाही, कारण तो दोन्हीकडे लागतोच. माझे हातही धरलेले नाहीत: वहीप्रमाणे ७२ तास. मला हे काम आवडतं म्हणून ते तास मी खर्चात लिहीत नाही. ज्याला आवडत नाही त्याने ते लिहावेत, नाहीतर हिशोब खोटा होईल.

दुसरी बाजूही नीट मांडायला हवी. कर्जावर नवी गाडी घेणाऱ्याच्या हातात शेवटी गाडी उरते, जरी तिची किंमत पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वांत जोरात घसरते. माझ्या भावाने लीजवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाड्यावर, घेतली आहे. त्याला किलोमीटरची मर्यादा आहे, ओरखड्यांचा हिशोब आहे आणि मुदत संपली की किल्ली परत. त्याची गाडी शांत आहे, सुरक्षित आहे, आणि त्याला मी कधीही चूक म्हणणार नाही. माझ्या गाडीत एबीएस आणि दोन एअरबॅग आहेत, पण घसरताना सावरणारी स्थिरता-नियंत्रण यंत्रणा नाही. ती १९९५ मध्येच महागड्या गाड्यांत आली होती, स्वस्त गाड्यांपर्यंत पोचायला खूप वर्षं गेली. पावसात मी याची जाणीव ठेवून चालवते आणि टायरवर कधी काटकसर करत नाही. गाडी घेतली तेव्हा टायरवर ०९११ असा शिक्का होता, म्हणजे २०११ चा नववा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक होती, पण कडेच्या रबराला बारीक भेगा. चारही त्याच आठवड्यात काढले.

टायमिंग बेल्टचं कारणही एका ओळीत: या इंजिनात पट्टा तुटला तर व्हॉल्व आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात, आणि रबर किलोमीटरने जसं झिजतं तसं वर्षांनीही म्हातारं होतं. पट्टा बदलल्याचा कागद नसेल तर तो बदललेलाच नाही असं धरायचं.

आता पिवळा दिवा.

मी मुद्दाम याच काळातली गाडी शोधली होती. ओबीडी-टू हे निदानाचं सॉकेट अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपीय संघात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून सक्तीचं झालं. त्यामुळे २००३ ची गाडी स्वस्त होण्याइतकी जुनी आहे, हाताने उघडता येण्याइतकी सोपी आहे, आणि तरी स्वतःचं दुखणं सांगू शकते. साधा ब्लूटूथ रीडर लावला. कोड आला पी ०१७१: पहिल्या बँकेत (सिलिंडरांच्या रांगेत) मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी.

या कोडवर सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे जळक्या वायूतला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर बदलणं. सेन्सर बिचारा खरं सांगत असतो आणि शिक्षा त्यालाच होते. कोड ही तक्रार असते, कारण आपल्याला शोधावं लागतं. मी आधी फ्युएल ट्रिम बघितलं. इंजिनाचा संगणक मोजलेल्या हवेवरून पेट्रोल ठरवतो, मग सेन्सर सांगेल तसं त्यात वाढ-घट करतो. ती वाढ-घट म्हणजे ट्रिम. दीर्घ मुदतीचं ट्रिम आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) +१९ टक्के होतं. तेच इंजिन २,५०० आरपीएमवर धरलं की +४ टक्के.

हा फरकच सगळं सांगून गेला. या गाडीत हवेचं वजन मोजणारा सेन्सर एअर फिल्टरच्या पुढे बसतो. त्याच्यापुढे कुठे भोक पडलं तर तिथून शिरणारी हवा मोजलीच जात नाही. भोक तेवढंच राहतं. आयडलिंगला इंजिन हवा कमी ओढतं, म्हणून त्या चोरट्या हवेचा वाटा मोठा दिसतो. आरपीएम वाढलं की एकूण हवा इतकी वाढते की भोकाचा वाटा नगण्य होतो. पेट्रोलचा पंप थकला असता किंवा फिल्टर तुंबला असता तर उलटं झालं असतं: भार वाढेल तसं ट्रिम वाढलं असतं. म्हणजे पंपाला हात न लावता, एकही सुटा भाग न विकत घेता अर्धा तपास खुर्चीत बसून झाला.

उरलेला अर्धा मात्र गुडघ्यांवर. काही जण गरम इंजिनवर ज्वालाग्राही क्लीनर फवारून आरपीएम बदलतं का ते बघतात. मी ते करत नाही. जळका वायू बाहेर नेणारा तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बाजूलाच असतो आणि आग लागायला एक थेंब पुरतो. धुराची चाचणी केली. थंड इंजिनमध्ये, एअर फिल्टरचा पाइप बंद करून, इनटेकमध्ये (इंजिनात हवा जाण्याच्या वाटेत) अगदी कमी दाबाने धूर सोडला. पहिली पाच मिनिटं काहीच नाही. मग इनटेक मॅनिफोल्डच्या खालून, जिथे हात जात नाही आणि नजर तर नाहीच, तिथून एक बारीक रेघ वर आली. छोट्या आरशात बघितलं तर क्रँककेसचा (इंजिनाच्या खालच्या पोटाचा) ब्रीदर होज, म्हणजे आतल्या वाफा इनटेककडे नेणारा रबरी पाइप, कोपरावर उभा फाटलेला. वीस वर्षं ऑइलच्या वाफेत शिजलेलं रबर, बोटाने दाबलं तर बिस्किटासारखं तुटलं.

होज काढायला मॅनिफोल्डचा आधार सोडवावा लागला, त्यातला एक बोल्ट हट्टाला पेटला. दोन दिवस गंज सोडवणारं तेल टाकत राहिले, सहा कोनांचाच पाना लावला, आणि सोडवण्याआधी किंचित आवळून मग उलटा फिरवला. सुटला. घाईत बारा कोनांचा पाना लावला असता तर डोकं गोल झालं असतं. होजसोबत त्या वाफांचा प्रवाह सांभाळणारा पीसीव्ही व्हॉल्वही बदलला, कारण हलवला तर खुळखुळत नव्हता, आत चिकट काजळी बसली होती. आता ट्रिम आयडलिंगला +३, २,५०० आरपीएमला +२. एकूण खर्च हप्त्याच्या विसाव्या भागाहून कमी, वेळ अकरा तास.

आणि इथे एक गोष्ट घडली जिची मी वाट बघत नव्हते. गाडी पहिल्या दिवसापासून ऑइल खाते हे मी दर नोंदीत लिहिलंय: १,००० किलोमीटरला साधारण ४५० मिली. मी ते झिजलेल्या पिस्टन रिंगांच्या खात्यावर टाकलं होतं. होज आणि व्हॉल्व बदलल्यानंतर गेल्या ३,६०० किलोमीटरमध्ये एक लिटर ऑइल गेलं, म्हणजे १,००० ला जेमतेम २८०. क्रँककेसचा श्वास कोंडला की आतला दाब वाढतो आणि ऑइल जिथून वाट मिळेल तिथून बाहेर पडतं किंवा इनटेकमध्ये ओढलं जातं. पीसीव्ही व्हॉल्व पहिल्याच महिन्यात बघायला हवा होता. जुन्या गाडीत ऑइल कमी होतंय असं दिसलं तर इंजिन उघडायच्या गोष्टी करण्याआधी तो काढून बघा.

तरीही उरलेले २८० मिली कुठे जातात ते बघायचं होतं, म्हणून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतो ते, मोजलं. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, पेट्रोल आणि इग्निशन बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. कोरडे आकडे: ११.८, ११.५, ११.९ आणि चौथा १०.६ बार. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा सेल्फ मारला: १२.३, १२.०, १२.४ आणि चौथा १२.२. ऑइल टाकल्यावर चौथा बाकीच्यांच्या बरोबरीला आला, म्हणजे व्हॉल्व ठीक आहेत, रिंगा थोड्या सैल किंवा काजळीने अडकलेल्या आहेत. गळका व्हॉल्व असता तर ऑइलने फारसा फरक पडला नसता.

उघडायचं का? नाही. इथे मी जरा ठाम आहे. अशा गाडीवरचं प्रत्येक काम मी चार ढिगांत टाकते. ज्याने माणसाला इजा होईल ते (ब्रेक, स्टीअरिंग, टायर, सस्पेन्शन, सीटबेल्ट) त्याच दिवशी. ज्याने इंजिन मरेल ते (ऑइल, कूलंट, पट्टा) त्याच आठवड्यात. ज्याने गाडी रस्त्यात अडेल ते त्याच महिन्यात. बाकीचं वहीत. चौथा सिलिंडर वहीत गेलाय. कॉम्प्रेशन ९ बारच्या खाली आलं किंवा ऑइल १,००० ला लिटरभर लागायला लागलं तर पुन्हा विचार करेन. तोवर दर दुसऱ्या रविवारी डिपस्टिक, सपाट जागी, थंड इंजिनवर.

ब्रेक ऑइलही याच महिन्यात बदललं. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषल्यानंतर ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर पेडल अचानक मऊ पडतं ते त्यामुळेच. दोन वर्षांचा नेम मी मोडत नाही. मागच्या उजव्या चाकाचा निप्पल (जुनं ब्रेक ऑइल बाहेर सोडायचा स्क्रू) अडकला होता, तोही तेल आणि धीराने सुटला.

बॅटरीचा प्रश्न मात्र मजेशीर निघाला. चार-पाच दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ जड यायचा. बॅटरी नवी, अल्टरनेटर १४.२ व्होल्ट देतोय, म्हणजे उभ्या गाडीत कुठेतरी वीज झिरपतेय. मल्टिमीटर बॅटरीच्या निगेटिव्ह तारेत मालिकेत लावला, दारं बंद केली आणि चाळीस मिनिटं थांबले, कारण गाडीतली सगळी यंत्रणा लगेच झोपत नाही. २८० मिलिॲम्पिअर. पन्नासच्या आत हवा. दिवसाला पावणेसात ॲम्पिअर-तास, म्हणजे ६० ची बॅटरी साडेचार दिवसांत अर्धी रिकामी. लक्षणाशी आकडा तंतोतंत जुळला. फ्यूज न उपटता प्रत्येकावरचा मिलिव्होल्ट मोजत गेले (उपटला की झोपलेली यंत्रणा जागी होते) आणि आतल्या दिव्यांच्या फ्यूजपाशी थांबले. मग मोबाइलवर चित्रीकरण सुरू करून तो डिकीत ठेवला आणि झाकण लावलं. चित्रफितीत झाकण बंद झाल्यावरही डिकी उजळलेलीच! तीन वॉटचा बल्ब, अडकलेला स्विच. स्विच साफ केला, आता ३० मिलिॲम्पिअर.

इतक्या मोठ्या मीटरला जे घाबरतात त्यांना मी नेहमी अर्व्ह गॉर्डनचं उदाहरण देते. या अमेरिकी विज्ञानशिक्षकाने १९६६ मध्ये घेतलेल्या व्हॉल्वो पी १८०० ला सप्टेंबर २०१३ मध्ये ३० लाख मैल पूर्ण केले, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर. गाडी एकच, मालक एकच. त्याच्यापुढे माझे दोन लाख चौतीस हजार म्हणजे बालवाडी.

पुढचं काम ठरलंय. पुढच्या डाव्या लोअर आर्मचा (चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या दांड्याचा) मागचा रबरी बुश फाटायला लागलाय. ब्रेक मारताना स्टीअरिंग जरासं डावीकडे ओढतं. हे पहिल्या ढिगातलं, त्यामुळे आर्म मागवून झालाय आणि तो येईपर्यंत गाडी उभी आहे. मी दोन्ही बाजूंचे बदलणार, शेवटचं आवळणं चाकांवर वजन आल्यावरच करणार, नाहीतर नवा बुश पीळ पडूनच बसेल. त्यानंतर व्हील अलाइनमेंट. खालच्या खांबांची पाणी निचऱ्याची भोकं चिखलाने बुजली होती, ती तारेने मोकळी केली आहेत. आत मेण फवारायचं राहिलंय, ते कोरड्या आठवड्यात. आर्म बसला की आकडे टाकते.