आपल्यावानी मानसं हायेत का त्याच्यात?

अमरावती जिल्ह्यात, दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात माझी पिठाची चक्की आहे. दळणाला येणाऱ्या बाया डबा खाली ठेवतात, माझ्या मांडीवरच्या पुस्तकाकडे बघतात आणि ठरलेला प्रश्न टाकतात, "काय वाचून रायली वं? आपल्यावानी मानसं हायेत का त्याच्यात?" चक्कीच्या आवाजात ओरडून काय सांगणार! मान हलवते आणि वेळ मारून नेते. तुम्ही इतक्यांदा विचारलंत म्हणून आज सांगते.

वाचन होतं ते लाईन गेल्यावर, आणि लाईन आमच्याकडे पुष्कळदा जाते. या उन्हाळ्यात तीन कादंबऱ्या झाल्या. तिन्ही जुन्याच, नवी पुस्तकं इथवर यायला वेळ लावतात. तिन्हींच्या पानांवर माझ्या अंगठ्याचे पिठाळ ठसे आहेत. झटकून जात नाहीत.

पहिली उद्धव शेळक्यांची 'धग', १९६० सालची. नवरा शिंपी, पण संसार ओढते ती कौतिक. पुढे त्याला महारोग होतो, तरी तिचे हात थांबत नाहीत. त्यातली माणसं वऱ्हाडीत बोलतात. एकदा लाईन गेली होती, ज्वारी अर्धी दळून अडकली होती, आणि एक काकू ओट्यावर टेकल्या होत्या. त्यांना दोन पानं मोठ्यानं वाचून दाखवली. ऐकता ऐकता म्हणाल्या, "हे त आमच्या सासूवानी बोलते!" दुसऱ्या दिवशी त्या जेमतेम किलोभर ज्वारी घेऊन हजर. एवढ्याशा दळणासाठी कोणी उन्हात येत नाही. "मंग पुढं काय झालं तिचं?" असं विचारेपर्यंत त्यांनी डब्याचं झाकणही उघडलं नव्हतं. त्यानंतर 'धग' मी मनात वाचलीच नाही, काकूंसाठी मोठ्यानंच वाचली. पण खरं सांगायचं तर मला ती भाषेमुळे आपली वाटली नाही. आपली भाषा घालून खोटं लिहिणारेही असतात. कौतिक रडत असतानाही तिच्या हातात काहीतरी काम असतं, तिथं मला ती पटली.

दुसरी सदानंद देशमुखांची 'बारोमास'. २००२ ची, २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. एम.ए., बी.एड. झालेला एकनाथ, संस्थेला द्यायला पैसा नाही म्हणून नोकरी नाही, आणि शेतीत काही उरत नाही. मास्तर लोक म्हणतात, ही तर तुमचीच गोष्ट. आहेच. आमच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारं, ते पिकाला देता येत नाही, सगळी भिस्त वरच्या पाण्यावर. तोट्याचा हिशेब मला कोणी शिकवायला नको. पण माझं भांडण आहे ते त्याच्या बायकोवरून. अलका नोकरीवाल्या नवऱ्याची आस धरून या घरात आली. घरात पैसा नाही म्हटल्यावर तिची चिडचिड होणारच की! एकनाथचं दुःख आतून दिसतं, अलकाचं मात्र ओसरीवरून ऐकू येतं. पुस्तक मोठं आहे, त्यात वाद नाही. तरी मला सारखं वाटत राहिलं, चार पानं तिच्या माहेरी जाऊन यायला हवं होतं. शेतकऱ्याच्या कादंबरीत शेतकऱ्याची बायको फार वेळा एकतर सोसणारी असते, नाहीतर टोचणारी.

तिसऱ्या पुस्तकात आपल्यावानी कोणी नसेल असं धरूनच मी ते घेतलं होतं. विश्राम बेडेकरांची 'रणांगण', १९३९ ची. बेडेकरांचा जन्म अमरावतीचा, तेवढाच आपला संबंध. बाकी सगळं बोटीवर घडतं. युरोपातून निघालेली बोट, जर्मनीतून हाकललेले ज्यू, त्यांतली हॅर्टा आणि मुंबईला परतणारा चक्रधर. ना ढेकूळ, ना बैल. पुस्तक छोटं, दोन दुपारींत संपलं, आणि दोन रात्री झोप लागली नाही.

काकूंनी तेव्हाही विचारलंच, आपल्यावानी मानसं हायेत का? मी म्हटलं, नाही, परदेशी लोक आहेत, बोटीत बसून चाललेत. थोडं वाचून दाखवलं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, "मंग त्या पोरीले वापस जायाले घरच नाही काय?"

"नाही," मी म्हटलं.

काकू रिकामा डबा मांडीवर धरून बसून राहिल्या. तेवढ्यात लाईन आली.